जमालभाई वाचून दाखवायचे

जमालभाईंबद्दल लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. ते गेल्याची बातमी आली तेव्हा बार रूममध्ये छोटीशी शोकसभा झाली. "तुमचा वीस वर्षांचा संबंध, दोन शब्द बोला," असा मला आग्रह झाला. मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता. दुपारी त्याच घशाने मी एका साक्षीदाराची तासभर उलटतपासणी घेतली.

जमालभाई सिद्दी ठाण्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. भिंतीला लागून एक टेबल, अशिलांसाठी दोन स्टुलं, कुठल्याशा जाहिरातीची मोठी छत्री आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढून चालवलेला कॉम्प्युटर. उंची सहा फूट, रंग काळाभोर, केस बारीक कुरळे आणि शेवटी पार पांढरे झालेले. तोंड उघडलं की मात्र मुरूडकडची मराठी. त्या किनाऱ्यावर कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांची वस्ती आहे, त्यातलं त्यांचं घर. कुणी कौतुकाने "म्हणजे जंजिऱ्याचे नवाब!" म्हटलं की ते घाईघाईने हात हलवायचे. "नवाब वेगळे हो. आमचा पूर्वज तोफेत दारू ठासणारा. हुकूम देणारे बदलले, आम्ही ठासत राहिलो."

नवीन माणसाचा त्यांना बघून हमखास गोंधळ व्हायचा. एकदा गेटवर नव्याने आलेल्या हवालदाराने त्यांना अडवलं.

"पासपोर्ट दिखाव. कंट्री कौनसा?"

"रायगड जिल्हा," जमालभाई म्हणाले.

"मराठी येतं होय तुला?"

"येतं की. दिवसभर मराठीच बडवतो. तुमचं गाव कुठलं?"

"कोरेगाव. सातारा."

"मग बसा इथे. दोघंही बाहेरचे. चहा सांगतो."

पुढे त्याच हवालदाराने आपला बदलीचा अर्ज त्यांच्याकडून टाइप करून घेतला. हा किस्सा मी कित्येक ठिकाणी रंगवून सांगितलाय आणि दर वेळी हशा घेतलाय. हा विनोद त्यांना वर्षातून किती वेळा करावा लागत असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधीही आला नव्हता. आता येतो.

त्यांची एक सवय सगळ्या कोर्टाला माहीत होती. कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते कुणाच्या हातात देत नसत. भाडेकरार असो, नोटीस असो, साधा अर्ज असो. ज्याची सही व्हायची त्याला समोर बसवायचं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घ्यायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. वकिलाला सुद्धा. "अहो, मीच लिहिलंय हे," असं मी कितीदा म्हटलं असेल! "लिहिणाऱ्यालाच ऐकवायला हवं ताई," ते म्हणायचे, "लिहिताना माणूस घाईत असतो." घटस्फोटाची नोटीस असली की आवाज खाली आणायचे, पण वाचायचे.

या सवयीपायी त्यांनी गिऱ्हाइकं गमावली. खाडीकडच्या एका गावातले तीन भाऊ बहिणीला घेऊन आले होते. पूर्वी शेती आणि मिठागरं, आता जमिनीला बिल्डर लागलेला. हक्कसोडपत्र करायचं होतं. बाई साठीच्या, शाईत अंगठा बुडवून तयार. जमालभाईंनी सगळं वाचलं आणि शेवटी सावकाश म्हणाले, "म्हणजे बाय, वडलांच्या जमिनीत तुमचा हिस्सा आता राहिला नाही."

"मंजी मना कायच नाय?"

"कागदाप्रमाणे नाही."

बाईंनी अंगठा पदराला पुसला. "यांनी सांगलेला, सातबाऱ्याला नाव लावाचा हाय." आणि उठून सरळ रिक्षा स्टँडकडे चालू लागल्या. भावांनी जमालभाईंना अशा शिव्या घातल्या की समोरचा चहावाला मध्ये पडला. ते गेल्यावर मी म्हटलं, "कशाला नसती उठाठेव केलीत?" जमालभाई शांतपणे चष्मा पुसत होते. म्हणाले, "मी काय केलं? वाचलं फक्त."

कॉम्प्युटर आला तरी जुना मराठी टाइपरायटर त्यांनी मोडीत घातला नाही. टेबलाखाली रेक्झिनच्या कव्हरात तो असायचा. दुपारी कोर्ट जेवायला सुटलं की वर यायचा. त्यावर त्यांचं खाजगी काम चालायचं. ठाण्या-कल्याणकडे आफ्रिकेतून शिकायला, व्यापाराला आलेली पोरं घराच्या भाडेकरारासाठी त्यांच्याकडे यायची, कारण जमालभाई टाळत नाहीत हे त्यांना एकमेकांकडून कळलेलं असायचं. करार झाला की जमालभाई विचारायचे, तुझे आजोबा कुठले? तिथे ते कुठून आले? कोणी आणलं, की आपण होऊन आले? समोरचा आधी बावचळायचा, मग बोलायला लागायचा. दुभाष्या म्हणून झेरॉक्सवाल्याचा कॉलेजात जाणारा मुलगा. आणि जमालभाई ते सगळं प्रतिज्ञापत्रासारखं टाइप करायचे. त्यांना दुसरा साचा माहीतच नव्हता. "मी खाली सही करणार, वय अमुक, राहणार तमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ नदीवर गेला तो परत आला नाही. त्यास जहाजात घालून नेले असे घरात सांगतात. त्याच्या नावाचे ताट आजही सणाला वाढले जाते." हे कल्याणला रेडिमेड कपड्यांचा धंदा करणाऱ्या एका नायजेरियन माणसाचं. कल्याणच्याच एका गोदामावर रखवालदार असलेले बिलालभाई गुजरातेतले सिद्दी, त्यांचं एक. डोंबिवलीतल्या एका इस्पितळातली फिलोमिना सिस्टर, कारवारच्या जंगलपट्ट्यातली ख्रिश्चन सिद्दी, तिचं एक. प्रत्येकाला वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि लाल नाडीने फायलीला बांधायचं.

"याचा उपयोग काय जमालभाई?" मी एकदा विचारलं.

"उपयोग नाही. पण ताई, माणूस काय झाडाला लागतो? कुठून तरी आलेलाच असतो. या पोरांना वाटतं आपणच पहिले आलो. इथे आपलं कोणी नाही, असं वाटतं. त्यांना फाईल दाखवली की बरं वाटतं." मग फिलोमिना सिस्टरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ही येशूची, बिलाल पिराचा, मी नमाजी. चेहरा बघा, एका आईची लेकरं. एकाच किनारपट्टीला राहून पन्नास वर्षं एकमेकांना ठाऊक नव्हतो."

दर वर्षी ईदनंतरच्या रविवारी ही सगळी फाईल त्यांच्या कल्याणच्या घरी जेवायला जमायची. मलाही बोलावणं असायचं. मी दर वर्षी काहीतरी कारण सांगायची. लग्न, पाहुणे, पाठदुखी. खरं कारण एवढंच की, कल्याणच्या त्या वस्तीत, त्या सगळ्या माणसांमध्ये आपण कुठे बसायचं, हे मला कळत नव्हतं.

नीमा त्यांना भेटली ती अशाच एका भाडेकरारापायी. टांझानियाच्या किनाऱ्यावरची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याबद्दल जमालभाई जितकं बोलले तितकं स्वतःच्या मुलाबद्दल बोलले नसतील. पहिल्यांदा त्यांच्या घरी आली तेव्हा त्यांची बायको, म्हणजे भाभी, नारळाच्या भाताच्या तयारीत होत्या. खवणी जमिनीवर मांडलेली. नीमाने काही न विचारता स्कर्ट सावरला, खवणीच्या पाटावर बैठक मारली, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरली आणि खवायला सुरुवात केली. भाभी बघतच राहिल्या. तिच्या आजीकडे अशीच खवणी, असाच भात. "आमची सून तीन वर्षं झाली, मिक्सरशिवाय नारळ जमत नाही," जमालभाई मला सांगत होते, "आणि ही समुद्रापलीकडून आली ती थेट खवणीवर बसली!" हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. मी घड्याळ बघत होते. माझी तारीख लागली होती.

त्या वर्षी नीमाच्या घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. परीक्षा तोंडावर, पहाटे सहाला इस्पितळात हजर व्हायचं, तेही ठाण्यात. जमालभाईंनी दहा-बारा ठिकाणी विचारलं. फोनवर हो, आणि पोरगी समोर उभी राहिली की नाही. शेवटी ते माझ्याकडे आले. ठाण्यातच, कोलशेतला, आमच्याच इमारतीत मी वडिलांसाठी एक छोटी जागा घेतली होती. वडील गेल्यापासून ती रिकामी होती.

"ताई, तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही," ते उभे राहूनच म्हणाले.

"अहो, मागायचं काय त्यात? दिली," मी म्हटलं. "चावी घेऊन जा, तिला दाखवून आणा. कागद सावकाश करू."

तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

रविवारी मी बाहेरगावी होते. जमालभाई नीमाला जागा दाखवून गेले. तिने खिडकीचं माप घेतलं, पडद्यासाठी. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तिचा पाठमोरा फोटो आला होता. सोमवारी कमिटीची तातडीची बैठक. मी सोसायटीची सेक्रेटरी, सलग सहा वर्षं. वकील म्हणून सगळे मानतात, दिवाळीला फराळ आधी माझ्याकडे येतो. त्या खोलीत नऊ माणसं होती. कुणी ड्रग्जचं बोलत होतं, कुणी पोलिसांच्या लफड्याचं. एक गृहस्थ म्हणाले, "उद्या लिफ्टमध्ये भेटले तर आमच्या मुलींनी काय करायचं?" बावीस वर्षांची, साडेपाच फुटी, नर्स होणारी मुलगी. मी त्यांना विचारू शकले असते की तिने तुम्हाला लिफ्टमध्ये बघून काय करायचं. विचारलं नाही. मला चांगलं म्हणवून घ्यायची सवय आहे आणि ते नऊ जण त्या क्षणी मला चांगलं म्हणत नव्हते.

एवढ्यावर थांबले असते तरी भेकड म्हणून सुटले असते. पण त्यांना ठराव हवा होता. ते म्हणत होते, "लिहा, काळ्या लोकांना जागा द्यायची नाही." मी म्हटलं, असं लिहिता येत नाही. त्यांना वाटलं मी विरोध करतेय. मी विरोध करत नव्हते, मी बरा शब्द शोधत होते. शोधून दिला. असला ठराव कुठल्याही कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि तो लिहिला मी.

दुसऱ्या दिवशी तो हाताने लिहिलेला कागद घेऊन मी कोर्टात गेले आणि टाइप करायला जमालभाईंपुढे ठेवला. कसं केलं मी हे, याचं उत्तर गेली कित्येक वर्षं शोधतेय. वीस वर्षांची सवय, मराठी टायपिंग म्हटलं की पाय तिकडे वळायचे, हे एक. जमालभाई आणि ठरावातली माणसं यांचा काही संबंध आहे असं डोक्यातच आलं नाही, ते तर आपले जमालभाई, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर तिसरंही असावं. जागा देत नाही, हे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. ते कागदानेच सांगितलं तर बरं, असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतं.

त्यांनी टाइप केलं. बोटं नेहमीच्याच वेगाने चालली. प्रिंट काढली. मी हात पुढे केला, तर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"राहू द्या जमालभाई, घाई आहे."

"बसा ताई."

मी बसले. आजूबाजूला अशील, झेरॉक्सवाला, दोन ज्युनिअर वकील. जमालभाई वाचायला लागले. "ठराव सर्वानुमते संमत करण्यात आला की, सोसायटीच्या कोणत्याही सभासदाने आपली सदनिका आफ्रिकन वंशाच्या व्यक्तीस भाड्याने अथवा अन्य कोणत्याही प्रकारे वापरावयास देऊ नये. सूचक..." तिथे माझं नाव होतं. तेही वाचलं. आवाज खाली आणला होता, घटस्फोटाच्या नोटिशीला आणायचे तसा.

मग म्हणाले, "एक शंका आहे. यात मी बसतो का?"

"अहो, काहीतरीच काय!" मी हसले. हसले मी! "तुम्ही आपले. हे बाहेरच्यांसाठी आहे."

"वंश लिहिलंय म्हणून विचारलं," ते म्हणाले. कागदाला टाचणी लावली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "घ्या मॅडम."

वीस वर्षं मी ताई होते. त्या दिवसापासून मॅडम झाले. बाकी काही बदललं नाही. कामं वेळेवर, चहा विचारणं, सगळं तसंच. आवाज चढवला असता, दोन दिवस अबोला धरला असता, तर मला माफी मागायची वाट तरी सापडली असती. नीमाला त्यांनी फक्त "त्या जागेचं जमलं नाही" एवढंच सांगितल्याचं झेरॉक्सवाल्याच्या मुलाकडून कळलं. ती त्यांच्याच घरी राहायला गेली होती.

त्यानंतरच्या ईदला मला बोलावणं आलं तेव्हा मी कारण सांगितलं नाही. गेले. सगळ्यांसमोर नाही तरी निदान जिन्यात बाजूला घेऊन माफी मागायची, असं घरून ठरवून निघाले होते. मिठाईचा मोठा पुडा घेतला, माफीला सोबत म्हणून.

दोन खोल्यांत वीसेक माणसं. फायलीतली नावं पहिल्यांदा चेहऱ्यानिशी भेटत होती. बिलालभाई बोटांनी थाळीवर ठेका धरत होते आणि तो नायजेरियन कपडेवाला मान डोलावत "हे आमच्याकडे लग्नात वाजतं" असं कुणाला तरी हिंदीत पटवत होता. फिलोमिना सिस्टर पोरांना ओरडत होती. जमालभाईंनी मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या आमच्या ताई. कोर्टातल्या. मोठ्या वकील आहेत." ताई ऐकून मला बरं वाटलं. ते पाहुण्यांसाठी होतं, हे जरा वेळाने कळलं.

ताट घेऊन आली ती नीमा. जमालभाईंच्या वर्णनावरून मी तिला ओळखलं, तिने मला कधी पाहिलेलंच नव्हतं. नारळाचा भात, रस्सा. तिची बॅग आणि पुस्तकं स्वयंपाकघराच्या ओट्याखाली रचलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी वकील असल्याचं कळल्यावर ती समोर जमिनीवर बसली.

"मॅडम, एक सवाल है. कोलशेत में मुझे घर मिला था. खिडकी से खाडी दिखती थी. फिर सोसायटी ने कागज बनाया, अफ्रिकन नको. वॉचमन बोला मेरेको. ऐसा कर सकते हैं क्या?"

बिलालभाईंचा ठेका थांबला. सगळ्यांनाच उत्तर हवं होतं. वीस घरं शोधून दमलेली माणसं होती ती.

"नाही करू शकत," मी म्हटलं. आवाज कोर्टातल्यासारखा स्वच्छ निघाला. "असा ठराव बेकायदेशीर असतो. करणाऱ्यालाही ते माहीत असतं."

"तो फिर क्यूं किया?"

मी ताटात बघितलं. सांगायला यापेक्षा चांगली वेळ आली नसती. जिना नको, कोपरा नको, समोर बसून विचारत होती. मी घास घेतला.

तीच मग विषय बदलावा म्हणून हसून म्हणाली, "आप कहाँ रहते हो, मॅडम?"

"नौपाड्यात," मी म्हटलं.

जमालभाई दारात पाण्याचा जग घेऊन उभे होते. आमच्या कोलशेतच्या घरी ते अनेकदा कागद घेऊन आले होते, वडील आजारी असताना भाभींनी पाठवलेलं सूप घेऊन आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुढे आले, माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि नीमाला म्हणाले, "हो बाय, नौपाड्यातच. मी गेलोय ना ताईंच्या घरी. लांब आहे इथून. त्यांना आता उशीर नको करायला."

आयुष्यभर जो माणूस ऐकवल्याशिवाय कुणाची सही घेत नव्हता, तो सगळ्या गोतावळ्यासमोर माझ्यासाठी खोटं बोलला. आणि मी ते बोलू दिलं.

रिक्षापर्यंत ते सोडायला आले. जिन्यात आम्ही दोघंच होतो. माफीचे शब्द तोंडाशी होते. ते म्हणाले, "सांभाळून. इथली पायरी तुटलीय." मी पायरी सांभाळली. रिक्षात बसल्यावर त्यांनी वाकून आत बघितलं. संध्याकाळचं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर होतं, हातात तो पाण्याचा जग तसाच राहिला होता. "पोचलात की फोन करा, मॅडम," म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात अर्धांगाचा झटका आला, मुलाने गावी नेलं, आणि ते तिकडेच गेले. त्या संध्याकाळी मात्र कोलशेतला घरात पाऊल टाकल्यावर मी मोबाईल हातात घेतला होता, नंबरही काढला होता. लावला नाही. पोचले म्हणायचं, तर कुठे ते सांगावं लागलं असतं.